अडकलेला ब्रेक, सुटलेली गाडी

(मुंबई उपनगरातील शाळा व सामाजिक संस्था यांच्या जुन्या वाहनांची देखभाल करणारे चालक आणि व्यवस्थापक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मोटार चालू होत नाही तेव्हा माणूस चिडतो आणि ती थांबत नाही तेव्हा त्याचा थरकाप होतो. तिसरा एक प्रकार मात्र हसण्यावारी नेला जातो. इंजिन चालू आहे, गिअर पडला आहे, परंतु गाडी जागची हलत नाही. मागचे एखादे चाक जमिनीत रुतल्यासारखे घट्ट बसलेले असते. ब्रेक जाम झाला, एवढेच मग म्हटले जाते. दोन माणसे मागून ढकलतात, चालक ॲक्सिलरेटर दाबतो, ‘खट्‌’ असा आवाज होतो आणि गाडी सुटते. सर्वांना हायसे वाटते. वस्तुतः काळजी करण्याचा क्षण नेमका तोच होय. आजच्या व्याख्यानाचा सारा विषय त्या एका ‘खट्‌’ या आवाजात सामावलेला आहे.

हा अनुभव उपनगरातील शाळांच्या व्हॅन चालविणाऱ्यांना २०२१ साली मोठ्या प्रमाणावर आला. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि धाकट्या मुलांचे वर्ग त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पुन्हा भरू लागले. या काळात दोन संपूर्ण पावसाळे येऊन गेले. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील गल्ल्यांत, सोसायट्यांच्या कुंपणांशी आणि झाडांखाली व्हॅन उभ्या होत्या. त्यांपैकी अनेकींचा हँडब्रेक ओढलेलाच राहिला होता. शाळेची घंटा वाजण्याची वेळ आली तेव्हा बॅटरी उतरल्याचे सर्वांच्या लक्षात आले, कारण बॅटरीशिवाय इंजिन बोलत नाही. ब्रेककडे लक्ष गेले ते मात्र चाक फिरेना तेव्हाच.

अशा प्रसंगी गॅरेजच्या दारात होणारा संवाद ठरलेला असतो. चालक घाईत असतो. तो म्हणतो, “मिस्त्री, हाणा चार घाव आणि मोकळं करा. उद्या सकाळी पोरांना न्यायचंय.” जाणता मिस्त्री हातोडा उचलत नाही. तो म्हणतो, “दादा, घाव घालायला वेळ लागत नाही. आधी कुठं अडकलंय ते तर बघू.” या दोन वाक्यांतील अंतर म्हणजेच निष्काळजीपणा आणि कारागिरी यांतील अंतर होय.

उपनगराची हवा आणि लोखंड

ब्रेक अडकण्याचा संबंध वाहनाच्या वयाशी आहे, तसाच तो स्थळाशीही आहे. सांताक्रूझ येथील वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सर्वसाधारणपणे २,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. पश्चिमेकडे वर्सोव्याचा समुद्र आणि गोराई-मनोरीची खाडी. पूर्वेकडे घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ठाण्याची खाडी आणि तिच्या काठची मिठागरे. दोन्ही बाजूंनी येणाऱ्या हवेत ओलावा असतो आणि त्या ओलाव्यात मीठ असते. केवळ पाण्याने लोखंड गंजतेच. परंतु मिठामुळे त्या क्रियेचा वेग पुष्कळ वाढतो. देशावरील कोरड्या हवेत वर्षभर उभ्या असलेल्या गाडीची जी अवस्था होते, ती येथे एका पावसाळ्यात होऊ शकते.

यात भर पडते ती साचलेल्या पाण्याची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीचे पात्र फुगले आणि कुर्ला, कालिना, साकीनाका या भागांत वाहने छपरापर्यंत बुडाली. तो प्रसंग असाधारण होता. परंतु अंधेरीच्या भुयारी मार्गात पाणी तुंबणे ही गोष्ट दरवर्षीच्या पावसाळ्यात घडते. अशा पाण्यातून गाडी काढली म्हणजे चाकांच्या आत पाणी, माती आणि गाळ शिरतो. पाणी निथळते, गाळ आत राहतो. तो ओल धरून ठेवतो आणि गंजाला आश्रय देतो.

ड्रमच्या आत काय असते

उपनगरात अद्याप दिसणाऱ्या जुन्या व्हॅनपैकी बहुतेक ‘मारुती ओम्नी’ आहेत. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ या नावाने ही गाडी बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या आधीच्या पिढीत पुण्याजवळ आकुर्डी येथे तयार होणारी ‘मॅटॅडोर’ हीच शाळांची आणि रुग्णवाहिकांची गाडी होती. बनावटीत पुष्कळ फरक असला तरी एक गोष्ट दोहोंत सारखी आहे: मागच्या चाकांना ड्रमचे ब्रेक.

ड्रम म्हणजे ओतीव लोखंडाचे एक खोलगट भांडे. ते चाकाबरोबर फिरते. त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू असतात; त्यांच्या बाहेरील अंगास घर्षणाचा थर, म्हणजे लायनर, डिंकासारख्या द्रव्याने चिकटविलेला किंवा रिव्हेटने जडविलेला असतो. पायातील पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑईलचा दाब नळीवाटे चाकाजवळच्या लहान सिलिंडरपर्यंत पोहोचतो. त्यातील पिस्टन बाहेर सरकून दोन्ही शू ड्रमवर दाबतात आणि चाक थांबते. पाय उचलला की स्प्रिंग शूंना मागे ओढते. हँडब्रेक हेच काम तेलाऐवजी पोलादी तारेने करतो.

या साध्या योजनेत अडकण्याच्या जागा मुख्यतः पाच आहेत. पहिली जागा लायनर आणि ड्रम यांच्या मधली. हँडब्रेक ओढून ओली गाडी उभी केली की लायनर ड्रमला घट्ट टेकलेला राहतो, मध्ये गंज धरतो आणि दोन्ही एकजीव होतात. दुसरी जागा ड्रमचे मधले भोक आणि हबचा उंचवटा यांची. तेथे अंतर केसाएवढे असते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्यामुळे तो या फटीत पाचरीसारखा बसतो. तिसरी जागा ड्रमच्या काठाची. वर्षानुवर्षे घासून ड्रमच्या आत खाच पडते व न घासलेल्या काठाची कड उभी राहते. ड्रम ओढताना शू त्या कडेला अडतात. चौथी जागा चाकाजवळच्या सिलिंडरची, जेथे पिस्टन गंजून बसतो. पाचवी जागा हँडब्रेकच्या तारेची. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या वेष्टनात पाणी शिरून तार आतच धरली जाते. तरफ खाली सोडली तरी तार परतत नाही.

‘खट्‌’ या आवाजाचा अर्थ

आता त्या आवाजाकडे वळावे. चिकटलेला ब्रेक इंजिनाच्या जोरावर सोडविला असता दोहोंपैकी एक गोष्ट घडते. कधी लायनर आणि ड्रम यांच्यामधला गंजाचा पातळ थर तुटतो. मग मोठी हानी होत नाही. परंतु कधी लायनर ड्रमला चिकटलेलाच राहतो आणि शूवरून उखडतो. जुन्या शूचे लोखंड लायनरच्या खाली गंजलेले असल्यास ही शक्यता अधिक. बाहेरून दोन्ही प्रकारांत आवाज सारखाच आणि गाडीही सारखीच सुटते. दुसऱ्या प्रकारात मात्र लायनरचा सुटा तुकडा ड्रमच्या आत फिरत राहतो. तो शूच्या आणि ड्रमच्या मध्ये आडवा आला तर धावत्या गाडीचे चाक एकाएकी जखडते. खाली निसटला तर त्या चाकाला ब्रेकच उरत नाही. आणि त्या वेळी गाडीत मुले बसलेली असतात.

म्हणून नियम एकच: जोराने सुटलेला ब्रेक दुरुस्त झाला असे कदापि मानू नये. ड्रम उतरवून आत पाहिल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर आणू नये.

हातोड्याआधी चार प्रश्न

ड्रम उतरविण्यापूर्वी अडचण कोठे आहे हे ओळखले पाहिजे. त्यासाठी गाडी सपाट व टणक जमिनीवर घ्यावी. हलतच नसेल तर आहे तेथेच, परंतु उतारावर नव्हे. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत, कारण यानंतर हँडब्रेक सोडावयाचा असतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग जॅकने गाडी उचलून ती लोखंडी घोडीवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. आणि विटांच्या रचलेल्या थरावर तर मुळीच नाही, कारण वीट वजनाखाली सूचना न देता फुटते.

आता गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक सोडावा आणि अनुक्रमे पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: चाक हाताने फिरते काय? फिरत असेल तर लायनर चिकटलेला नाही; ड्रम निघत नसल्यास दोष हबवरील गंजाचा किंवा काठावरील कडेचा असतो.

दुसरा प्रश्न: फिरत नसेल, तर हँडब्रेकची तार तरफेजवळ सैल केल्यावर आणि चाकाजवळचे टोक मागे सरल्यावर ते फिरते काय? फिरल्यास दोष तारेचा.

तिसरा प्रश्न: तरीही न फिरल्यास, त्या चाकाच्या सिलिंडरवरील हवा काढण्याचा निपल किंचित उघडल्यावर फिरते काय? निपलवाटे तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर तेलाचा दाब मागे परतत नव्हता असा अर्थ होतो. जुनी रबरी नळी आतून फुगून बंद झाली की असे घडते: पायाच्या जोराने तेल पुढे जाते, परंतु स्प्रिंगच्या बेताच्या ताकदीने परत येत नाही. येथे ड्रमवर कितीही घाव घातले तरी उपयोग शून्य. बदलावयाची असते ती नळी.

चौथा प्रश्न: चाक फिरते आणि ड्रम थोडा बाहेर येऊन थांबतो काय? असे होत असेल तर शू काठावरील कडेला अडत आहेत. मुळीच हलत नसेल तर मधल्या भोकाशी गंज आहे.

या चार प्रश्नांना पंधरा-वीस मिनिटे लागतात. ती वाचविण्याच्या नादात दिवस जातो, आणि कित्येकदा चांगला ड्रमही जातो.

सोडविण्याचा क्रम

चाक काढल्यावर ड्रमच्या दर्शनी भागावरील गंज तारेच्या ब्रशाने झाडावा. तत्पूर्वी ओला फडका फिरवून धूळ बसवावी. काही गाड्यांत ड्रमला लहान स्क्रू असतात, ते गंजाखाली दिसत नाहीत. ते शोधून काढावेत. काही बनावटींत ड्रम व हब अखंड असून मधल्या बेअरिंगचा नट सोडल्याशिवाय ड्रम येत नाही. आपल्या गाडीची रचना कोणती, हे तिच्या माहितीपुस्तकात पाहून घ्यावे. अंदाजाने ओढाओढ करू नये.

मधल्या भोकाशी आणि बोल्टांच्या मुळाशी गंज सोडविणारे पातळ तेल थेंब-थेंब सोडावे आणि त्याला वेळ द्यावा. रात्रभर थांबता आले तर उत्तम. हे तेल आत लायनरवर उतरणार नाही इतक्या बेतानेच वापरावे. त्यानंतर साधारण अर्धा किलोच्या हातोडीने ड्रमच्या सपाट तोंडावर, बोल्टांच्या मधल्या जागी, चोहोबाजूंनी फिरत टकटक करावी. येथे ताकदीपेक्षा कंपाचे महत्त्व अधिक आहे. गंज ठिसूळ असतो. लहान लहान शंभर ठोक्यांनी तो भुगा होतो, पण एका घणाच्या घावाने ओतीव लोखंडाला तडा जातो. ड्रमच्या बाहेरच्या काठावर तर घाव घालूच नये.

ओम्नीसारख्या गाड्यांच्या ड्रमच्या तोंडावर दोन आटेदार भोके दिलेली असतात. ती ड्रम उतरविण्यासाठीच आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वर्षानुवर्षांच्या चिखलाने ती बुजलेली असतात. त्यांतील माती टोकदार खिळ्याने काढून, तेलाचा थेंब सोडून, ८ मिलिमीटर जाडीचे योग्य आट्यांचे दोन बोल्ट त्यांत बसवावेत. एक अर्धा फेरा उजवा, एक अर्धा फेरा डावा, अशा रीतीने दोन्ही समान आवळावेत. बोल्टांची टोके मागच्या हबवर टेकतात आणि ड्रम आपोआप पुढे सरकतो. ताण आल्यावर थांबावे, पुन्हा टकटक करावी, पुन्हा अर्धा फेरा द्यावा. एकच बोल्ट आवळत गेल्यास ड्रम तिरपा होऊन अधिक अडकतो किंवा आटे जातात. भोके नसतील तेथे पायांचा पुलर समतोल लावून हाच क्रम ठेवावा.

ड्रम थोडा येऊन थांबत असेल तर ओढण्यात अर्थ नाही. अशा वेळी ड्रम परत आत ढकलावा, हँडब्रेकची तार पुरती सैल करावी, मागच्या पत्र्यावरील रबरी बूच काढून आतील समायोजक सैल करावा आणि शू आत बसू द्यावेत. मग ड्रम कडेवरून सहज निसटतो. तसे न करता बळाने ओढल्यास शू धरून ठेवणाऱ्या पिना आणि स्प्रिंगा तुटतात.

लायनरच चिकटला असेल तर तार व समायोजक सैल करून ड्रमच्या परिघावर लाकडी हातोड्याने सर्व बाजूंनी हलके ठोके द्यावेत आणि मध्ये मध्ये ड्रम हाताने पुढे-मागे करावा. धीर धरल्यास बहुधा तो सुटतो.

ज्योतीने तापविण्याचा मोह मात्र आवरावा. चाकाजवळ रबर आहे, तेल आहे आणि उपनगरातील अनेक व्हॅनमध्ये गॅसची टाकीही आहे. गाडीवर असलेल्या ड्रमला गॅसची ज्योत लावणे हे आगीला निमंत्रण होय.

धूळ: न दिसणारा धोका

ड्रम उतरला की आत काळसर भुकटी दिसते. ती तोंडाने फुंकून किंवा हवेच्या पाईपने उडविण्याची गॅरेजमधील सवय घातक आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरलेले असे आणि लायनर पाहून ते आहे की नाही हे सांगता येत नाही. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन अनेक वर्षांनी कर्करोगासारखे असाध्य विकार उद्‌भवतात. म्हणून भुकटीवर पाणी शिंपडावे, ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी आणि फडका पिशवीत बांधून टाकावा. तोंडावर चांगल्या प्रतीचा मास्क असावा. हे काम करणाऱ्या कारागिराजवळ बहुधा एखादा शिकाऊ पोऱ्या बसलेला असतो. त्याचे रक्षण करणे हेही गाडीच्या मालकाचे कर्तव्य आहे.

ड्रम निघाला, काम सुरू झाले

ड्रम निघाला म्हणजे काम संपले, असे समजणे चुकीचे आहे. अडकलेला भाग का अडकला, हे आता उघड्यावर आलेले असते.

प्रथम लायनर पाहावा. तो शूवरून कोठे उचलला आहे काय, कडेला भेगा आहेत काय, तेलाने भिजला आहे काय? तेलकट लायनर पेट्रोलने धुऊन परत बसविण्याची प्रथा आहे. ती चुकीची आहे. तेल त्याच्या अंगात मुरलेले असते आणि तापल्यावर पुन्हा वर येते. असे शू बदलावेत, आणि तेही दोन्ही चाकांचे एकदम. अन्यथा गाडी एका बाजूला ओढते. शू काढताना एकाच बाजूचे काम आधी पूर्ण करावे. दुसरी बाजू न उघडता ठेवल्यास स्प्रिंगांची जुळणी कशी होती याचा नमुना समोर राहतो.

यानंतर सिलिंडर. त्यावरील रबरी टोपी बाजूस करून आत ओल दिसल्यास गळती आहे. पिस्टन हलत नसेल किंवा आतील भिंतीवर गंजाचे खड्डे असतील तर घासून वेळ मारून नेऊ नये, सिलिंडरच बदलावा. ब्रेकच्या रबरी वाट्यांना पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑईल किंवा ग्रीस यांचा स्पर्श होऊ देऊ नये, कारण त्यांनी रबर फुगते. त्या साफ करण्यास ताजे ब्रेक ऑईलच वापरावे.

सिलिंडर आतून का गंजतो, याचे उत्तर ब्रेक ऑईलच्या स्वभावात आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ या प्रतीचे नवे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळता कामा नये, असे प्रमाण आहे; पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळले तर वाफ होते, पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणजे एकच पाणी उभ्या गाडीचा पिस्टन अडकविते आणि धावत्या गाडीचा ब्रेक घालविते. सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी हे तेल संपूर्ण बदलणे हाच त्यावरील उपाय होय. केवळ डबी भरलेली ठेवणे पुरेसे नाही.

ड्रमच्या आतील खाच फार खोल नसल्यास लेथवर तो साफ करून घेता येतो. मात्र त्याच्या व्यासाची कमाल मर्यादा बहुधा ड्रमवरच कोरलेली असते, ती ओलांडू नये. तडा गेलेला ड्रम टाकून द्यावा. हबचा उंचवटा घासून त्यावर उष्णता सहन करणारे ग्रीस अगदी पुसट लावावे, म्हणजे पुढील वेळी घाव घालण्याची पाळी येणार नाही. हँडब्रेकची तार वेष्टनात अडखळत असेल तर तिला तेल पाजण्यापेक्षा नवी बसवावी.

जुळणीनंतर समायोजन करून ब्रेकमधील हवा काढावी. इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर कोठेतरी दोष शिल्लक आहे. नंतर मोकळ्या जागेत, रिकाम्या गाडीने, मंद वेगात चाचणी घ्यावी. थोडे अंतर जाऊन आल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. एकच चाक तापले असेल तर ते अजून धरत आहे. गाडी उद्या हवी असली तरी ती परत घोडीवर घ्यावी.

कायदा आणि जबाबदारी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ अन्वये परिवहन वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक आहे. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतरच तिचे नूतनीकरण होते. पश्चिम उपनगरातील वाहनांसाठी अंधेरी व बोरिवली येथील, तर घाटकोपर-मुलुंडकडील वाहनांसाठी वडाळा येथील परिवहन कार्यालय हे काम पाहते. शासन, महापालिका, पंचायती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. तथापि दहा-बारा वर्षांची रुग्णवाहिका किंवा घंटागाडी आजही अनेक पंचायतींत सेवा देत आहे आणि तिच्या ब्रेकला हेच नियम लागू आहेत.

प्रमाणपत्र हे तपासणीच्या दिवसाचे असते. गंज त्या दिवसानंतरही आपले काम करीत राहतो. महाराष्ट्रात शालेय बसविषयक नियम २०११ मध्ये करण्यात आले आणि त्यांत प्रत्येक शाळेत परिवहन समितीची तरतूद आहे. मुख्याध्यापकांनी व शिक्षकांनी या समितीच्या बैठकीत कागदपत्रे पाहावीतच, परंतु सुट्टीनंतर गाडी पहिल्यांदा बाहेर काढण्यापूर्वी मागचे ड्रम उतरवून पाहिले काय, हा एक प्रश्नही विचारावा. या प्रश्नाला खर्च लागत नाही. पंचायत सदस्यांनी आपल्या रुग्णवाहिकेविषयी तोच प्रश्न पावसाळा संपताना विचारावा.

चालकाची बाजूही येथे समजून घेतली पाहिजे. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याची त्या दिवसाची मिळकत बुडते. पालक दूरध्वनी करतात, शाळा विचारणा करते. “चार घाव हाणा,” असे तो म्हणतो ते या दडपणापायी. म्हणून गाडी दुरुस्तीत असताना पर्यायी व्यवस्था करणे आणि तेवढ्यासाठी चालकास दोष न देणे, ही शाळेची व पालकांची जबाबदारी ठरते. सुरक्षितपणे काम करावयास वेळ मिळाला नाही तर उत्तम कारागीरही हातोडाच उचलील.

पावसाळ्यापूर्वीची पथ्ये

अडकलेला ब्रेक सोडविण्यापेक्षा तो अडकू न देणे सोपे आहे. गाडी अधिक दिवस उभी करावयाची असल्यास ती सपाट जागी ठेवून गिअरमध्ये टाकावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक मोकळा सोडावा. धुतलेली किंवा पाण्यातून आलेली गाडी तशीच उभी करू नये. रहदारी पाहून काही अंतर मंद वेगात ब्रेक हलके दाबत चालवावी, म्हणजे ड्रममधील ओल उष्णतेने निघून जाते. आठवड्यातून एकदा तरी गाडी काही मीटर पुढे-मागे करावी. वर्षातून एकदा, पावसाळा संपताच, ड्रम उतरवून आतील गाळ ओल्या फडक्याने काढावा. दरवर्षी उतरणारा ड्रम कधी अडकत नाही. अनेक वर्षे न उघडलेला ड्रमच घाव मागतो.

मित्रहो, गॅरेजच्या दारातील त्या संवादाचा शेवट सांगून हे व्याख्यान पुरे करावयाचे आहे. मिस्त्री ड्रम उतरवितो आणि शूवरून अर्धा उखडलेला लायनर चालकाच्या हातात देतो. बोटाने दाबताच तो तुकडा सुटतो. चालक तो उलटसुलट करून पाहतो. मग खिशातून फोन काढतो आणि शाळेत कळवितो, “बाई, उद्या गाडी येणार नाही. परवा येईल.”

त्या एका दिवसाच्या खाड्याची नोंद शाळेच्या कोणत्याही वहीत अपघात म्हणून होत नाही. तशी नोंद होण्याची वेळ येऊ नये, यासाठीच तो खाडा असतो.